गालील समुद्र

गालील समुद्र : उत्तर इस्रायलमधील गोड्या पाण्याचे सरोवर. येशू ख्रिस्ताने आपले पहिले शिष्य याच काठावर निवडले आणि शुभवर्तमानांतील (येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार ग्रंथांतील) अनेक प्रसंग याच पाण्यावर किंवा काठावरच्या गावांत घडतात. नाव समुद्राचे असले तरी आकार लहान आहे. दक्षिणोत्तर लांबी सुमारे २१ किमी., जास्तीत जास्त रुंदी १३ किमी., क्षेत्रफळ सुमारे १६६ चौ. किमी. आणि कमाल खोली सुमारे ४३ मी. हवा स्वच्छ असली की जवळजवळ कोठूनही समोरचा काठ दिसतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ कथा सोप्या होतात. येशू शिष्यांसह होडीतून एकांत जागी निघतो आणि तो पोहोचण्याआधीच लोक काठाकाठाने पायी धावत तिथे हजर असतात, असे मार्क लिहितो. होडी कोणत्या दिशेला चालली आहे हे काठावरच्यांना डोळ्यांसमोर दिसत होते.

बायबलमधील अनेक स्थळांबद्दल वाद आहेत. या सरोवराच्या जागेबद्दल कोणताच वाद नाही. काठावरचा नेमका कोणता प्रसंग कोठे घडला हे मात्र कमीअधिक खात्रीनेच सांगता येते, आणि यात्रेकरूला दाखवल्या जाणाऱ्या जागा सारख्याच पक्क्या नाहीत. हा फरक राखून पाहिले तर इथला भूगोल कथांवर खरा प्रकाश टाकतो.

सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मी. खाली आहे. गोड्या पाण्याचे इतक्या खालच्या पातळीवरचे दुसरे सरोवर पृथ्वीवर नाही. याहून खाली फक्त मृत समुद्र, आणि तो खारा. दोन्ही एकाच खचदरीत आहेत. हर्मोन पर्वताच्या पायथ्याच्या झऱ्यांचे पाणी घेऊन यार्देन नदी उत्तरेकडून सरोवरात शिरते आणि दक्षिण टोकाला देगानियाजवळ बाहेर पडून मृत समुद्राकडे जाते. पूर्वेला गोलानचे पठार आणि पश्चिमेला अर्बेलचा उभा कडा आहे. आसपासचा दगड ज्वालामुखीतून आलेला काळा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच जातभाई. वायव्येला गनेसरेतचे छोटे सपाट मैदान आहे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने त्याच्या सुपीकतेची तोंडभरून स्तुती केली आहे. अक्रोड, खजूर, अंजीर आणि जैतून तिथे शेजारी शेजारी वाढतात आणि अंजीर व द्राक्षे वर्षातले दहा महिने मिळतात, असे तो लिहितो.

नावे : जुन्या करारात ‘किन्नेरेथ समुद्र’ असा उल्लेख आहे. ‘किन्नोर’ म्हणजे तंतुवाद्य. सरोवराचा आकार तसा म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. किन्नेरेथ नावाचे एक प्राचीन नगरही वायव्य काठावर होते. हिब्रूत आजही ‘किन्नेरेत’ हेच नाव चालते. हिब्रूतला ‘याम’ हा शब्द समुद्र आणि सरोवर दोन्हींसाठी वापरतात, म्हणून मत्तय, मार्क आणि योहान यांच्या ग्रीकमध्येही ‘समुद्र’ आला. लूक मात्र कटाक्षाने ‘सरोवर’ म्हणतो. भूमध्य समुद्र पाहिलेल्या वाचकांसाठी तो लिहीत असावा असे वाटते. मराठी बायबलने हा भेद जपला आहे : मार्कात ‘गालील समुद्र’, लूकात ‘गनेसरेत सरोवर’, योहानात ‘तिबिर्याचा समुद्र’. तिन्ही एकच.

वारा आणि वादळ : सरोवर म्हणजे खोल वाटीचा तळ. भोवतीचे डोंगर आणि पठारे त्याच्यापेक्षा कितीतरी उंच, आणि खाली हवा उबदार. उन्हाळ्यात दुपारनंतर भूमध्य समुद्राकडून निघालेला वारा गालीलचे डोंगर ओलांडून उतारावरून खाली झेपावतो आणि आरशासारखे पाणी थोड्याच वेळात खवळते. मार्काच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट संध्याकाळची आहे. येशू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला आहे आणि लाटा आत येऊ लागल्या आहेत. यांतले निदान चार शिष्य जन्माचे मच्छीमार होते. अशी माणसे घाबरली, तर वादळ खरेच मोठे असले पाहिजे.

हिवाळ्यात आणि वसंतात दुसराच वारा सुटतो. तो गोलानकडून, पूर्वेकडून येतो. अरबीत त्याला ‘शर्किया’ म्हणतात. त्याचा मारा पश्चिम काठावर बसतो. हे माहीत असले की येशूच्या पाण्यावरून चालण्याच्या कथेतला एक तपशील नजरेत भरतो. शिष्य ईशान्येकडच्या बेथसैदाला जायला निघतात, वारा समोरून असतो, रात्रीच्या चौथ्या प्रहरापर्यंत ते वल्ही मारत राहतात आणि शेवटी उतरतात ते पश्चिमेच्या गनेसरेतला. निघाले एकीकडे, लागले दुसरीकडे. त्याच दिवशी आधी लोक हिरव्या गवतावर बसले होते असे मार्क म्हणतो, तर योहान वल्हांडण हा वसंतातला यहुदी सण जवळ आल्याचे सांगतो. इथल्या टेकड्या हिवाळ्याच्या पावसानंतर वसंतापर्यंतच हिरव्या असतात. पुढे ऊन सगळे करपवून टाकते. ऋतू, वारा आणि होडीची वाट ही तिन्ही वेगवेगळ्या वाक्यांत विखुरलेली आहेत, तरी एकमेकांशी जुळतात. माझ्या मते या किनाऱ्याची ओळख असलेल्या माणसांच्या आठवणी या कथनामागे आहेत, याची ही चांगली खूण आहे.

जाळी आणि मासळी : शुभवर्तमानांत ‘जाळे’ या एका अर्थासाठी ग्रीकमध्ये निरनिराळे शब्द येतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाचकाला ते चटकन कळतील. शिमोन (म्हणजेच पेत्र) आणि आंद्रिया यांना येशू प्रथम पाहतो तेव्हा ते पाग टाकत असतात : कडेला वजने लावलेले गोल जाळे, एकट्याने हात फिरवून फेकायचे. स्वर्गाच्या राज्याच्या दाखल्यातले (बोधकथेतले) जाळे वेगळे आहे. ती सरळ रापण आहे. होडीने लांबलचक जाळे पाण्यात अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर काठावरच्या माणसांनी ओढायचे, आणि मग वाळूत बसून मासळी निवडायची. चांगली भांड्यात, वाईट बाहेर. ‘वाईट’ म्हणजे नासकी नव्हे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पर आणि खवले नसलेले मासे खायला वर्ज्य. या सरोवरात खवले नसलेला मांगूरच्या जातीचा मोठा मासा आहे आणि तो रापणीत हटकून येतो. दाखला ऐकणाऱ्यांनी ही निवड रोज केलेली होती.

तिसरा प्रकार रात्रीच्या जाळ्यांचा. त्या काळी जाळी लिननच्या (जवसाच्या) धाग्याची असत. दिवसा मासळीला धागा दिसतो, म्हणून ती रात्री लावायची आणि सकाळी धुऊन वाळत घालायची. लूकाच्या पाचव्या अध्यायात कोळी जाळी धूत असतात, म्हणजे त्यांचे रात्रीचे काम संपलेले असते. सारी रात्र राबून काही मिळाले नाही, असे शिमोन म्हणतो आणि तरीही येशूच्या सांगण्यावरून भर उजेडात पुन्हा जाळे सोडायला तयार होतो. सांगणारा सुतार, ऐकणारा कोळी. त्या होकाराचे वजन धंदा कळल्याशिवाय कळत नाही. या सगळ्याचा बारकाईने अभ्यास एन गेव किबुत्झमधले (सामुदायिक वसाहतीतले) मच्छीमार मेंडेल नून यांनी केला. त्यांनी काठावरून दगडी नांगर आणि जाळ्यांची वजने गोळा केली आणि जुन्या बंदरांचे अवशेष नोंदवले.

व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाची मासळी तीन प्रकारची. अरबीत ‘मुश्त’ म्हणतात तो तिलापियाच्या कुळातला मासा; हॉटेलांत तो ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून वाढला जातो. पण पेत्राने गळाने धरलेल्या आणि तोंडात नाणे असलेल्या माशाच्या कथेशी हे नाव जुळत नाही, कारण मुश्त पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जगतो आणि सहसा गळाला लागत नाही. गळाला लागतो तो मिशा असलेला बार्बेल. तिसरी चिमुकली सार्डिन. ती खारवून दूरवर पाठवली जाई. येशूने थोड्याशा भाकरी-मासळीत पाच हजारांना जेवू घातले त्या प्रसंगी एका मुलाजवळ पाच जवाच्या भाकरी आणि दोन लहान मासळ्या होत्या. जव हे गरिबाचे धान्य, आणि लहान मासळी बहुधा खारवलेली. खारवण्याचे केंद्र पश्चिम काठावरचे मग्दाला होते. त्याचे ग्रीक नाव तारिखेया याच धंद्यावरून पडले, आणि मग्दालीया मरीयेच्या नावात हेच गाव आहे. तिथे २००९ मध्ये बांधकामाआधीच्या उत्खननात पहिल्या शतकातले सभास्थान सापडले. त्यातल्या कोरीव दगडावर सात शाखांची समई आहे. यरुशलेमचे मंदिर उभे होते त्या काळातले ते कोरीवकाम आहे, म्हणून त्याला फार मोल.

होडी : १९८६ च्या सुरुवातीला दुष्काळामुळे पाणी बरेच मागे हटले होते. गिनोसर किबुत्झमधल्या दोन मच्छीमार भावांना उघड्या पडलेल्या चिखलात लाकडाची लंबगोल कड दिसली. पुरातत्त्वज्ञ शेली वॉक्समन यांच्या देखरेखीखाली दिवसरात्र खणून अकरा-बारा दिवसांत होडी बाहेर काढण्यात आली. भिजलेले लाकूड ओल्या पावासारखे मऊ झाले होते. उचलले असते तर तुटले असते. म्हणून होडीला आतून-बाहेरून पॉलियुरेथेनच्या फेसात गुंडाळले आणि पाण्यावर तरंगवत काठाला आणले. पुढे काही वर्षे ती रासायनिक मेणाच्या हौदात बुडवून ठेवली होती. लांबी सुमारे ८.२ मी., रुंदी २.३ मी. काळ इ.स.पू. पहिले ते इ.स. पहिले शतक. येशूशी किंवा शिष्यांशी तिचा संबंध दाखवणारा कोणताही पुरावा नाही, आणि ‘येशूची होडी’ हे पाट्यांवरचे नाव त्या अर्थाने दिशाभूल करणारे आहे.

तरीही तिच्याजवळ गेल्यावर कथा हाताशी येते. मुख्य फळ्या देवदाराच्या, वाकाची लाकडे ओकची, पण ठिगळे किती! जवळपास डझनभर जातींचे लाकूड तिच्यात आढळले. जिथे जे मिळाले ते जुन्या होड्यांमधून काढून बसवलेले. शेवटी कामाला येण्याजोगे भाग काढून घेऊन सांगाडा काठाशी टाकून दिला. मालक श्रीमंत नव्हता, पण हात कसबी होता. अशा होडीत चार वल्हेकरी, एक सुकाणूवाला आणि दाटीवाटीने आणखी दहाएक माणसे मावत. येशू आणि बारा शिष्य एका होडीत कसे बसले, या प्रश्नाचे उत्तर या फळ्यांत मिळते.

कफर्णहूम : उत्तर काठावरचे हे गाव येशूच्या गालीलातल्या कामाचे ठिकाण. जागेची ओळख पक्की आहे. १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने अवशेष विकत घेतले आणि १९६८ पासून तिथे विस्तृत उत्खनन झाले. घरे न घडवलेल्या काळ्या दगडांची, एका अंगणाभोवती तीनचार खोल्या, आणि वर माळवद : लाकडे, त्यावर काटक्या-बोरू आणि माती. पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उकरून खाली सोडतात, हे मार्काचे वर्णन मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात राहिलेल्याला समजावून सांगावे लागणार नाही. लूक तिथे कौले काढल्याचे लिहितो, पण या गावाच्या घरांशी मार्काचेच शब्द जुळतात.

एका घरातली खोली लवकरच वेगळी वागवली गेली. भिंतींना वारंवार गिलावा दिलेला, त्यावर यात्रेकरूंनी ओरखडलेली अक्षरे, आणि पाचव्या शतकात तिच्यावर बरोबर मध्य साधून बांधलेले अष्टकोनी चर्च. हे पेत्राचे घर, अशी परंपरा आहे, आणि या काठावरच्या सगळ्या परंपरांत ती मला सर्वांत भक्कम वाटते. शेजारचे पांढऱ्या चुनखडीचे देखणे सभास्थान मात्र येशूच्या काळचे नव्हे, काही शतकांनंतरचे; त्याच्या खाली काळ्या दगडाचे जुने बांधकाम आहे. गाव हेरोद अंतिपा आणि फिलिप्प या भावांच्या राज्यांच्या सीमेजवळ होते, म्हणून तिथे जकातनाका, आणि नाक्यावर बसलेला मत्तय.

संशयित जागा : कफर्णहूमच्या नैर्ऋत्येला ताबगा. हे नाव ‘सात झरे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा अपभ्रंश आहे. झरे कोमट असल्याने हिवाळ्यात मुश्तचे थवे तिथे येतात. कोळ्यांची जागा म्हणून ती निश्चित. भाकरी-मासळीचा चमत्कार तिथेच झाला ही परंपरा मात्र यात्रेकरूंच्या सोयीने रुजलेली दिसते, कारण लूक तो प्रसंग बेथसैदाजवळ ठेवतो. ताबग्याच्या चर्चमधले पाचव्या शतकातले भाकरीच्या टोपलीचे आणि दोन माशांचे मोझेक त्यामुळे कमी सुंदर ठरत नाही. वरच्या टेकडीवरचे डोंगरावरील प्रवचनाचे चर्च १९३८ चे. खुद्द बेथसैदा कोणते, यावर एत-तेल आणि एल-अराज या दोन टेकाडांमध्ये वाद चालू आहे.

भुते शिरलेल्या डुकरांच्या कळपाने सरोवरात उडी घेतल्याच्या कथेत तर हस्तलिखितांतच गरसा, गदरा, गेर्गेसा अशी वेगवेगळी नावे आहेत. गरसा, म्हणजे आजचे जेराश, सरोवरापासून ५० किमी.हून दूर, तिथून कळप पाण्यात उडी घेणे शक्य नाही. पूर्व काठावरच्या कुर्सीला उतार पाण्याजवळ येतो आणि तिथे १९७० मध्ये रस्त्याच्या कामात बायझंटिन मठ सापडला. जागा कोणतीही असो, डुकरे पाळणारा काठ यहुदी नव्हता. ‘पलीकडे जाऊ या’ हे येशूचे शब्द दोनतीन तासांच्या वल्हवण्याचे आहेत, पण त्या तासांत माणूस परक्या देवांच्या आणि परक्या भाषेच्या मुलखात, दकापलीत (दहा नगरांच्या प्रदेशात), उतरत असे. तिबिर्या हे तेव्हाचे नवे शहर : अंतिपाने इ.स. २० च्या सुमारास सम्राट तिबेरियसच्या नावाने, जुन्या थडग्यांवर वसवलेले. येशू तिथे गेल्याचा उल्लेख कोणत्याही शुभवर्तमानात नाही.

वसई, मुंबई, गोव्याहून जाणाऱ्या यात्रेकरूंना यार्देन जिथे सरोवरातून बाहेर पडते तिथल्या यार्देनित घाटावर पाण्यात उतरवतात. तो घाट १९८१ चा आहे. येशूच्या बाप्तिस्म्याची परंपरागत जागा कितीतरी दक्षिणेला, यरीहोजवळ आहे.

पाणी : १९६४ मध्ये राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली आणि सरोवराचे पाणी देशाच्या मध्य व दक्षिण भागांना जाऊ लागले. पातळी समुद्रसपाटीखाली २०८.८ मी.च्या वर गेली तर दक्षिणेचे दरवाजे उघडतात, २१३ मी. ही खालची लाल रेषा. नोव्हेंबर २००१ मध्ये पाणी २१४.८७ मी.पर्यंत उतरले, ही आजवरची नोंदलेली नीचांकी पातळी. भूमध्य समुद्राचे पाणी गोडे करून ते सरोवरात सोडण्याची योजना २०१८ मध्ये मंजूर झाली. प्रत्येक दुष्काळात पाणी मागे सरकते आणि चिखलातून जुन्या धक्क्यांचे दगड वर येतात.