शिडाच्या होडीची सौर चालना : कोयनेच्या शिवसागर जलाशयासाठी

वारा पडल्यावर शिडाची छोटी होडी पुढे नेण्यासाठी सौर पॅनेल, बॅटरी आणि विजेवरची मोटर यांची केलेली जुळणी म्हणजे सौर चालना. शीड हे मुख्य साधन, मोटर मदतीला. केरळात वैकम येथे जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट चालते. तिथे सगळा भार विजेवर असतो. शिडाच्या होडीला त्या मानाने फार थोडी वीज पुरते.

सातारा जिल्ह्यात या जुळणीला शिवसागर जलाशयाइतकी सोयीची जागा नाही. कोयना धरणामागे साधारण ५० किलोमीटर लांब पसरलेले हे पाणी तापोळ्याच्या पलीकडे जाते. दरी उत्तर-दक्षिण आणि दोन्ही अंगांना डोंगर असल्यामुळे वारा एकसारखा मिळत नाही. एका वळणावर शीड भरते, पुढच्या वळणावर लोंबकळते. उन्हाळ्यात पाणी ओसरते तसा काठ रोज थोडा दूर सरकतो, मध्ये चिखल उघडा पडतो. अशा ठिकाणी काठावरून चार्जिंगची केबल ओढणे व्यवहार्य नाही, वीज होडीवरच तयार व्हायला हवी. शिवाय पश्चिमेकडचे रान कोयना अभयारण्याचे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे. तिथे इंजिनाचा आवाज आणि पाण्यावर तेलाचा तवंग नसणे हा मोठाच लाभ आहे.

नियोजन करताना ‘किती एचपीची मोटर घेऊ?’ हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात, आणि तिथूनच खर्च वाढत जातो. आधी वेग ठरवावा. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळ मानाने आठपट लागते. वीस फुटी होडी ताशी ११ किलोमीटरच्या आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यापुढे कितीही वीज ओतली तरी ती लाटेतच जाते. उलट ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग पत्करला, तर सगळे आकडे आवाक्यात येतात.

किती शक्ती लागेल हे अंदाजाने धरू नये, मोजावे. वारा नसलेल्या सकाळी दुसऱ्या होडीच्या मागे आपली होडी दोरीने बांधायची. दोरीच्या मध्ये स्प्रिंगचा काटा अडकवायचा, मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहायचा आणि काटा स्थिर झाला की वाचायचा. समजा सेकंदाला दीड मीटर वेगाला काटा १० किलो दाखवतो. ही ओढ सुमारे ९८ न्यूटनची, दीडने गुणली की जवळपास १५० वॅट. पाण्यातला पंखा (प्रॉपेलर), मोटर आणि तिचा वेग ठरवणारा कंट्रोलर मिळून निम्म्याहून जास्त शक्ती खातात, म्हणून बॅटरीतून ३२५ वॅटच्या आसपास काढावे लागतील. चार तासांना १.३ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलातली १.३ युनिट. समोरून वारा आला तर हा आकडा पटकन वाढतो, त्यामुळे हाताशी तेवढीच जास्त शिल्लक असावी. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा घ्यावा. लहान, गरगर फिरणारा पंखा पाणी घुसळतो, होडी फारशी ढकलत नाही.

लिथियम लोह फॉस्फेटची २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी २.५६ किलोवॅट-तासांची भरते. तिचा ८० टक्के भाग बिनधोक वापरता येतो. शिशाची बॅटरी स्वस्त, पण रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर बसते, आणि वजन फार. मोटर एक-दीड किलोवॅटची असेल तर ४८ व्होल्टची रचना बरी, कारण २४ व्होल्टच्या मानाने त्याच शक्तीला प्रवाह निम्मा होतो आणि केबल बारीक चालते. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच हवा. ही बाब कधीही टाळू नये, लिथियम बॅटरीच्या शॉर्टमध्ये केबल क्षणात पेटते.

पॅनेलच्या बाबतीत शिडाच्या होडीची खरी अडचण सावली. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे डोलकाठीची अरुंद सावली पडली तरी उत्पादन तिच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त घटते. शिवसागरात होडी बहुधा उत्तर-दक्षिण धावते, म्हणून शिडाची सावली सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला पडते. दोन्ही कडांना एकेक पॅनेल आणि प्रत्येकाला वेगळा चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे यंत्र) दिला, की एक झाकले तरी दुसरे काम करते.

होडी फक्त रविवारी निघणार असेल तर पॅनेल मोठे लागत नाही. १०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात, घट धरून, दिवसाला ३०० वॅट-तासांच्या वर देते. सहा दिवसांत ते वरची चार तासांची वीज भरून काढते. रोज फिरायचे तर मात्र ४०० वॅटच्या आसपास पॅनेल हवे, आणि तेवढी जागा वीस फुटी होडीवर मुश्किलीने निघते.

मोटर बसवली की होडी यांत्रिक ठरते, म्हणून नोंदणी आणि परवानगीची चौकशी आधी करावी. अभयारण्याच्या बाजूला उतरायला वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

पावसाळ्यात या खोऱ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. जूनआधी होडी पाण्याबाहेर ओढून पॅनेल उतरवावे, आणि बॅटरी निम्मी भरलेल्या अवस्थेत, तारा सोडवून, घरात कोरड्या जागी ठेवावी.