हिरवा पिक्सेल म्हणजे झाड नव्हे

शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे तपकिरी, ओसाड जमीन. उजवीकडे तीच जमीन हिरवीगार. खाली ओळ असते, 'पाच वर्षांत उभं राहिलं जंगल, पुरावा थेट अवकाशातून!' निसर्ग-पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पांचे उपग्रह-नकाशे करणं हे माझं काम, त्यामुळे अशी जोडचित्रं लोक मला हौसेने पाठवतात. माझा प्रश्न ठरलेला असतो : दोन्ही फोटो कोणत्या महिन्यातले? कितीतरी वेळा डावा फोटो कोरड्या ऋतूच्या शेवटचा निघतो आणि उजवा पाऊस नुकताच सरल्यानंतरचा. असे दोन फोटो तर कोणत्याही पडीक जमिनीचे काढता येतात, तिथे एकही रोप लावलेलं नसलं तरी.

पण समजा, दोन्ही फोटो एकाच महिन्यातले आहेत. तरीही ते हिरवं म्हणजे झाडंच, हे कशावरून? या प्रश्नाचं उत्तर पानाच्या पोटात दडलेलं आहे आणि ते मला अजूनही थक्क करतं.

पान हिरवं दिसतं, कारण हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश गिळतं आणि थोडासा हिरवा परत पाठवतं, हे आपण शाळेत शिकलो. पण हा 'थोडासा' खरंच थोडा असतो, साधारण दहा-पंधरा टक्के. खरी गंमत आपल्या डोळ्यांची हद्द संपते तिथे सुरू होते. लाल प्रकाशाची तरंगलांबी ६७० नॅनोमीटरच्या आसपास असते. तिथे निरोगी पान जेमतेम पाच टक्के प्रकाश परतवतं. तिथून पुढे सरकत ७०० ओलांडलं की आलेख एकदम कड्यासारखा उभा चढतो आणि ७८० पर्यंत पान जवळजवळ निम्मा प्रकाश परत फेकू लागतं. या पट्ट्याला 'जवळचं अवरक्त' म्हणतात आणि त्या कड्याला 'रेड एज'. आपल्याला अवरक्त दिसत असतं, तर झाडं आपल्याला हिरवी नव्हे, लखलखीत दिसली असती. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली अवरक्त प्रकाशात काढलेली निसर्गचित्रं प्रसिद्ध केली, त्यांत आकाश काळंभोर आणि झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी आहेत.

असं का होतं? अवरक्त किरणांमधल्या ऊर्जेवर प्रकाशसंश्लेषण चालत नाही आणि हरितद्रव्यही त्यांना अडवत नाही. ते सरळ पानाच्या आत शिरतात. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पेशी घट्ट रचलेल्या नसतात, स्पंजासारख्या विरळ असतात, मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. ओल्या पेशीभित्तिकेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण १.४, हवेचा १. प्रत्येक सीमेवर किरण थोडा वळतो, थोडा परततो. अशा असंख्य सीमा ओलांडताना त्याची दिशाच हरवते आणि अखेर साधारण निम्मा प्रकाश वरून बाहेर पडतो, उरलेला खालून. साबणाचं पाणी पारदर्शक, हवाही पारदर्शक, पण दोन्हींचा फेस पांढराशुभ्र, त्यातलाच हा प्रकार. हे पडताळूनही पाहता येतं. पान पाण्यात ठेवून, निर्वाताने आतली हवा काढून तिथे पाणी भरलं, की अवरक्त चमक झपाट्याने मंदावते. हरितद्रव्य तेवढंच असतं, फक्त फेस विरलेला असतो.

अवरक्त कॅमेऱ्यातल्या या चमकीला 'वनस्पतींचं तेजोवलय' किंवा 'प्राणशक्ती' म्हणून खपवणारे व्हिडिओ फिरत असतात. त्यात तथ्य नाही. वाळलेलं मेलेलं पानसुद्धा अवरक्तात चांगलं चमकतं, पांढरं सुती कापडही चमकतं. शिवाय हा उष्णतेचा फोटोही नसतो, उष्णतेचे किरण याहून कितीतरी लांब तरंगलांबीचे असतात.

वाळलेलं पान अवरक्त परतवतं, पण लालही परतवतं, कारण लाल गिळणारं हरितद्रव्य संपलेलं असतं. लाल गिळायचा आणि अवरक्त उधळायचा, ही जोडी मात्र जिवंत पानाची सही. १९७२ च्या जुलैमध्ये लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह वर गेला आणि हे दोन्ही पट्टे वेगवेगळे मोजू लागला. लगेच त्यातून एक साधं गणित वापरात आलं : अवरक्तातून लाल वजा करा आणि उत्तराला दोन्हींच्या बेरजेने भागा. हाच तो हिरवेपणाचा आकडा, एनडीव्हीआय. भागाकार एवढ्यासाठी की उताराची एक बाजू सावलीत असली, तर दोन्ही आकडे जवळपास सारख्याच पटीने घटतात आणि गुणोत्तर फारसं हलत नाही. दाट पानांचे आकडे अवरक्त ४५ आणि लाल ५ टक्के धरले तर उत्तर ०.८ येतं. उघड्या मातीचे २८ आणि २२ धरले तर ०.१२.

आता याच आकड्यांनी नव्या लागवडीकडे पाहू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा सर्वांत बारीक पिक्सेल जमिनीवर १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. त्यात अडीच-अडीच मीटरवर रोपं लावली, तर १६ बसतात. वर्षाच्या रोपाचा घेर पाव चौरस मीटर धरला, तर सगळी मिळून ४ चौरस मीटर भरतात. म्हणजे उपग्रहाला दिसणाऱ्या चौकोनात ४ टक्के रोपं आणि ९६ टक्के बाकीचं काहीही. ते 'बाकीचं' कोरडी माती असेल, तर आकडा ०.१२ वरून ०.१५ च्या आतच राहतो. धुकट हवा, मातीतला ओलावा, सूर्याचा कोन यांनीसुद्धा एवढा फरक पडतो. थोडक्यात, पहिली काही वर्षं जगलेली रोपं आणि मेलेली रोपं या उपग्रहाला सारखीच.

मग पहिल्याच वर्षी नकाशा हिरवा कसा होतो? गवतामुळे! जमिनीला कुंपण पडलं, चराई थांबली, की पहिला पाऊस पडताच गवत आणि तण उसळतं आणि आकडा ०.६ च्या घरात जातो. अहवालात त्याला 'लागवडीचं यश' म्हटलं जातं. उलट एखादा प्रामाणिक गट रोपांभोवतीचं तण मन लावून काढतो आणि त्याचाच नकाशा तपकिरी दिसतो. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

दुसऱ्या टोकालाही अडचण आहेच. पानांचे थर वाढत गेले की लाल प्रकाश जवळपास पूर्ण गिळला जातो, मग आणखी गिळायला उरतच नाही. लाल ३ आणि अवरक्त ४५ असताना आकडा ०.८८, अवरक्त ५० झाला तरी ०.८९. म्हणून २० वर्षांची लागवड आणि शेकडो वर्षांचं जंगल एनडीव्हीआयच्या लेखी शेजारी शेजारी बसतात. सेंटिनेल-२ वर ७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटरचे पट्टे मुद्दाम त्या कड्यावर ठेवले आहेत, ते यासाठीच. ७०५ पाशी हरितद्रव्याची पकड ढिली असते, त्यामुळे प्रकाश पानांच्या थरांत खोलवर जातो आणि मोजमाप इतक्या लवकर तुंबत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो एकाच पिक्सेलच्या वर्षभराच्या आलेखावर. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पाहतात, म्हणजे वर्षाला सत्तरहून अधिक नोंदी. ढगांनी खाल्लेल्या वगळल्या तरी बिंदूंची माळ उरते. त्यावर गणिताने एक लाट बसवायची : वर्षात एकदा वरखाली होणारी, आणि तिच्यावर वर्षात दोनदा वरखाली होणारी दुसरी, लहान. यातून तीन आकडे महत्त्वाचे. सरासरी, म्हणजे वर्षभर मिळून किती हिरवं. आंदोलन, म्हणजे ऋतूंमधला चढउतार किती. आणि कला, म्हणजे शिखर केव्हा.

ऋतुमानानुसार पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशात गवताची लाट पावसाबरोबर झपकन चढते आणि वरची माती सुकताच तितक्याच झपकन कोसळते. झाडांची मुळं खोल, त्यामुळे त्यांची लाट सावकाश उतरते. अशा कोरड्या जंगलांतली कितीतरी झाडं तर पाऊस येण्याआधीच, भर कोरड्या दिवसांत नवी पालवी काढतात. तेव्हा आलेखात, गवत पार वाळलेलं असताना, एक छोटासा उंचवटा दिसतो. सदाहरित झाडांच्या एकसुरी लागवडीची लाट जवळजवळ सपाट असते. जमिनीवर झाडं खरंच वाढत असतील, तर वर्षामागून वर्षं सरासरी हळूहळू वर सरकते, आंदोलन कमी होतं आणि उतरण लांबत जाते. दोन फोटोंच्या जोडीत हे काहीच दिसत नाही.

इथेही एक खबरदारी लागते. दोन वर्षं चांगला पाऊस झाला, तरी सरासरी चढते. म्हणून प्रकल्पाबाहेरचे, तशाच मातीचे आणि उताराचे पिक्सेल निवडून त्यांचाही आलेख काढायचा आणि दोन्हींमधला फरक मोजायचा. शेवटी ग्राउंड ट्रूथ, म्हणजे काही पिक्सेलपाशी पायी जाऊन तिथे काय आहे ते पाहणं. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या जागीही पाचेक मीटर चुकू शकतो आणि दाट झाडीखाली त्याहून जास्त, म्हणजे शेजारच्याच पिक्सेलमध्ये उभं राहून नोंद होऊ शकते. त्यामुळे नोंद एकाच प्रकारच्या पिक्सेलच्या पट्ट्याच्या मधोमध घ्यावी, कडेला नाही.

'जंगल ओळखण्यात आमचं एआय ९५ टक्के अचूक' हा दावा हल्ली सर्रास ऐकू येतो. एखाद्या भागात जंगल फक्त ५ टक्के असेल, तर 'इथे कुठेच जंगल नाही' असं सांगणारा नकाशाही ९५ टक्के अचूक ठरतो. शिवाय एआयला शिकवायचे पिक्सेल आणि त्याच्या परीक्षेचे पिक्सेल शेजारी शेजारी घेतले, तर प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते, कारण शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात. परीक्षा दूरच्या जागी घ्यावी लागते.

झाडांची उंची हवी असेल, तर लेसर कामी येतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये पोहोचलेलं 'गेडी' हे उपकरण जमिनीवरच्या २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यावर लेसरचा झोत सोडतं आणि शेंड्यावरून व जमिनीवरून आलेल्या प्रतिध्वनींमधलं अंतर मोजतं. झाड २० मीटर उंच असेल, तर हा फरक सुमारे १३३ नॅनोसेकंद भरतो. पण गेडी ठिपके घेत जातं, मधली जागा कोरीच राहते.

हिरव्याच्या मोहात आणखी एक चूक होते, ती मला सगळ्यात घातक वाटते. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जगभरात सुमारे ९० कोटी हेक्टर जागेत झाडांचं छत्र वाढवता येईल, असा नकाशा आला आणि त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. काही महिन्यांतच त्याच नियतकालिकात इतर शास्त्रज्ञांचे आक्षेप छापून आले. त्यातला एक मुद्दा असा होता, की त्या नकाशातली कितीतरी जागा रिकामी नाही, ती सवाना आणि गवताळ प्रदेशांची आहे. आग आणि चराई यांच्याशी लाखो वर्षं जुळवून घेतलेल्या या परिसंस्थांचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली असतो. तिथे झाडं लावणं म्हणजे एक परिसंस्था मोडणं. नकाशात 'इथे लावू नका' असा थर असायलाच हवा, आणि मी तो सगळ्यात आधी काढते.

याच्या नेमकी उलट गोष्ट पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात घडली. तिथल्या मारादी आणि झिंदेर भागांतल्या शेतकऱ्यांनी तोडलेल्या झाडांच्या जिवंत खोडक्यांतून येणारे फुटवे जपायला सुरुवात केली. रोपं नाहीत, खड्डे नाहीत. शेतं शेतंच राहिली, त्यामुळे जमीन-वापराच्या नकाशावर काहीच बदललेलं दिसलं नसतं. संशोधकांनी १९७० च्या दशकातली हवाई छायाचित्रं आणि २००० नंतरच्या बारीक उपग्रह-प्रतिमा शेजारी ठेवून झाडांचे ठिपके पाहिले, तेव्हा पसारा लक्षात आला : सुमारे ५० लाख हेक्टर. पुढे २०२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं सहारा वाळवंट आणि त्याच्या दक्षिणेचा साहेल हा कोरडा पट्टा, यांच्या १३ लाख चौरस किलोमीटरांतलं एकेक झाड संगणकाकडून मोजून घेतलं गेलं. ज्यांच्या पानांचा घेर ३ चौरस मीटरहून मोठा, अशी १८० कोटींहून अधिक झाडं निघाली. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये त्यांतली बहुतेक हरवूनच गेली असती.