पार्श्वभूमी : तिरफळाच्या झिणझिण्या आणि लांबलेली बंदी

सोलापूरच्या शेंगाचटणीने जीभ पोळते, बधिर होत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता टिपणाऱ्या चेतातंतूंना जागे करते. त्या तंतूंवरचा, कॅप्सेसिन ओळखणारा ग्राही (खुणेचे प्रथिन) १९९७ मध्ये सापडला आणि त्या शोधाला २०२१ चे नोबेल मिळाले. कोकणी स्वयंपाकातल्या तिरफळाचे तसे नाही. त्याच्या सालीने ओठांवर आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. कारण सांशूल गटातली द्रव्ये. आयुर्वेदातल्या अक्कलकाऱ्यात याच जातीची द्रव्ये आहेत. दाढेखालच्या लवंगेतले युजेनॉल मात्र वेगळे.

तिरफळाचे चिनी भावंड म्हणजे सिचुआन मिरी. अमेरिकेने १९६८ मध्ये तिची आयात बंद केली. खाणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न नव्हता. ही झाडे लिंबाच्या कुळातली, त्यामुळे खैऱ्या रोगाचे जिवाणू त्यांच्यासोबत संत्र्याच्या बागांत शिरतील, ही भीती होती. अंमलबजावणी अनेक वर्षे ढिली राहिली आणि दुकानांत माल मिळत राहिला. २००२ च्या सुमारास तपासणी कडक झाली. २००५ मध्ये माल ठरावीक तापमानाला तापवण्याच्या अटीवर आयात खुली झाली.

वाळलेली साल स्वयंपाकघरातून बागेत जाणार कशी, असे म्हणत अनेकांनी या बंदीला हास्यास्पद ठरवले. सोलापूर जिल्ह्यात बसून तसे म्हणवत नाही. डाळिंबावरचा तेल्या आणि लिंबावरचा खैऱ्या, दोन्हींचे जिवाणू झँथोमोनास या एकाच प्रजातीतले. पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने तेल्या कसा पसरतो, हे सांगोला-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. उभ्या बागा काढाव्या लागल्या आहेत. डाळिंबावरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आले तेही २००५ मध्येच. रोग वेशीवरच अडवण्याचा हेतू रास्त होता. खटकतो तो विलंब : माल तापवून घेण्यासारखा साधा तोडगा निघायला ३७ वर्षे लागावीत, आणि तोवर एक निरुपद्रवी मसाला बदनाम व्हावा.

बंदी उठल्यानंतरच्या काळात या झिणझिण्यांवर संशोधन झाले. २००८ मध्ये सांशूल चेतातंतूंवरच्या काही पोटॅशियम वाहिन्या (पोटॅशियम ये-जा करण्याच्या वाटा) बंद करते आणि त्याने ते तंतू जागे होतात, असे मांडले गेले. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली आणि त्या झिणझिण्यांची बोटावरच्या यांत्रिक कंपनांशी तुलना करायला लावली. जुळणी झाली सेकंदाला सुमारे ५० कंपनांवर. हलके कंपन टिपणारे स्पर्शाचे तंतू याच वेगाला प्रतिसाद देतात.