‘फ्युनरल’ : पहिल्याच अल्बमला हे नाव का?

१४ सप्टेंबर २००४ रोजी मर्ज रेकॉर्ड्स या कंपनीने ‘फ्युनरल’ बाजारात आणला, तेव्हा कॅनडातल्या माँट्रियल शहराबाहेर आर्केड फायर या बँडचं नाव मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. पदार्पणाच्या अल्बमला अंत्यविधीचं नाव का दिलं, हे कळायला त्याआधीचं वर्ष पाहावं लागतं.

जून २००३ मध्ये बँडची गायिका रेजीन शासान्यची आजी गेली. ऑगस्टमध्ये रेजीन आणि बँडचा गायक विन बटलर यांचं लग्न झालं, त्याच सुमारास रेकॉर्डिंगही सुरू झालं. फेब्रुवारी २००४ मध्ये विन आणि त्याचा बँडमधलाच धाकटा भाऊ विल यांचे आजोबा अल्विनो रे वयाच्या ९५व्या वर्षी वारले. हे आजोबा साधेसुधे नव्हते. १९३०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार लोकांच्या कानावर घालणाऱ्या पहिल्या वादकांपैकी ते एक. त्यापाठोपाठ बँडमधल्याच रिचर्ड रीड पॅरीच्या नात्यातही मृत्यू झाला. म्हणजे एकीकडे संसार आणि बँड उभा राहत होता, दुसरीकडे घरातली वडीलधारी माणसं एकेक करून जात होती.

शहराचाही यात वाटा आहे. माँट्रियल ज्या प्रांतात आहे तो क्विबेक १९९५च्या सार्वमतात अगदी निसटत्या फरकाने कॅनडात राहिला. त्या काळातल्या अनिश्चिततेमुळे माँट्रियलमधली घरभाडी बरीच वर्षं स्वस्त राहिली आणि ‘माइल एंड’ भागात वादकांनी बस्तान बसवलं. टेक्सासमध्ये वाढलेला विन इथेच रेजीनला भेटला. ‘होटेल टू टँगो’ हा स्टुडिओही तिथलाच. त्याचा भागीदार हॉवर्ड बिलरमन याने ध्वनिमुद्रण तर केलंच, शिवाय बहुतेक गाण्यांत ड्रम्सही वाजवले.

दहापैकी चार गाण्यांची नावं ‘नेबरहूड’ने सुरू होतात. पहिल्यात आईवडील रडताहेत, बर्फाने गल्ली पुरली आहे, आणि मुलगा आपल्या खिडकीपासून प्रेयसीच्या खिडकीपर्यंत भुयार खणायचं म्हणतो. पुढे ती दोघं ओळखीची नावंही विसरतात. तिसऱ्यातल्या अंधारामागे जानेवारी १९९८चं बर्फवादळ असल्याचं सांगितलं जातं. तेव्हा गोठत्या पावसाने विजेचे लोखंडी मनोरे वाकून कोसळले आणि क्विबेकमधल्या दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली.

‘हैती’ हे गाणं रेजीनच्या घरचं. तिचे आईवडील हैतीतल्या दुव्हालियेच्या हुकूमशाहीतून निसटून कॅनडात आले होते. गाण्यात जन्मालाच न आलेली चुलत-मावस भावंडं त्या हुकूमशहाच्या रात्री झपाटून टाकतात. शेवटचं ‘इन द बॅकसीट’ मला या अल्बमचा गाभा वाटतं. गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघणं जिला आवडतं, तिच्यावर आता स्टिअरिंग धरायची वेळ आली आहे, कारण पुढे बसणारं माणूस उरलेलं नाही. रेजीनचा आवाज इथे आधी पुटपुटतो आणि मग थेट टाहो फोडतो. आधार सोडणं काय असतं, हे इतक्या रोजच्या प्रसंगातून सांगणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

दुःख असूनही हा अल्बम एकांतातला नाही. सारा न्यूफेल्ड आणि ओवेन पॅलेट यांची व्हायोलिन्स, अकॉर्डियन, आणि ‘वेक अप’मध्ये सगळ्यांनी मिळून गळा काढून गायलेला तो शब्दांविना आलाप. २००५च्या दौऱ्यात यू-टू हा बँड मंचावर येण्याआधी हेच गाणं लावत असे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी हे गाणं आर्केड फायरसोबत गायला. पुढे ‘फ्युनरल’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि दुसऱ्या अल्बमसाठी बँडने क्विबेकमधल्या फार्नम गावी एक जुनं चर्चच विकत घेऊन तिथे स्टुडिओ थाटला.