रॉकफेलर कायदे: उपचारांचा पुरस्कर्ता गव्हर्नर जन्मठेपेपर्यंत कसा पोचला

३ जानेवारी १९७३ रोजी न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी ऑल्बनी या राज्याच्या राजधानीत विधिमंडळापुढे वार्षिक भाषण केलं. त्यात त्यांची मागणी होती की हेरॉइनसारखे घातक अंमली पदार्थ विकणाऱ्याला जन्मठेप व्हावी. पॅरोल नाही, कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याची तडजोड नाही, आणि माल किती होता हा प्रश्नही नाही. विक्रेत्याची खबर देऊन गुन्हा शाबित करायला मदत करणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस. (अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो आणि राज्याचा कारभार हाकतो. आपल्याकडच्या राजभवनाचं चित्र डोळ्यांपुढे आणू नये, तो मुख्यमंत्र्याच्या जागी असतो.)

बोलणारा माणूस रिपब्लिकन असला तरी पक्षातल्या उदारमतवादी गटाचा म्होरक्या होता. स्टँडर्ड ऑइलवाल्या जॉन डी. रॉकफेलर यांचा हा नातू १९५९ पासून गव्हर्नर होता. आणि तोवर त्यांचं धोरण या मागणीच्या जवळपास उलटं होतं. १९६२ साली त्यांच्याच सहीने मेटकाफ-व्होल्कर कायदा आला. पकडलेल्या व्यसनी माणसाला खटल्याऐवजी उपचार निवडण्याची मुभा त्याने दिली. मेथडोन देऊन हेरॉइनचं व्यसन आटोक्यात ठेवण्याची पद्धत साठच्या दशकाच्या मध्यावर व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी न्यूयॉर्कमध्येच विकसित केली, तीही रॉकफेलर यांच्या आजोबांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत. घरातच औषध होतं म्हणायचं!

पण उपचार घ्यायला फारसं कोणी पुढे येईना. आलेलेही अर्ध्यावर सोडून जात. १९६६ च्या निवडणुकीत गुन्हेगारी आणि हेरॉइन हे मुद्दे तापलेले होते. रॉकफेलर यांनी सक्तीचे उपचार आणले. व्यसनी माणसाला न्यायालयाच्या हुकमाने केंद्रात ठेवायचं, काही वेळा गुन्हा नसताना केवळ नातेवाइकांच्या अर्जावरही. त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि पैसा ओतला. केंद्रं चालली ती मात्र रुग्णालयासारखी कमी आणि कोठडीसारखी जास्त. १९७३ च्या भाषणात गव्हर्नरांनी स्वतःच हिशेब मांडला: अब्जभर डॉलर खर्चूनही काही साधलं नाही. या अपयशातून दोन वाटा निघत होत्या. सक्ती काढून उपचार सुधारायचे, किंवा उपचार बाजूला ठेवून सक्ती वाढवायची. त्यांनी दुसरी धरली.

ती का धरली, याचं सरळ उत्तर राजकारणात सापडतं. १९६०, १९६४ आणि १९६८ अशा तीन वेळा त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपड केली होती, आणि १९६४ च्या अधिवेशनात त्यांच्याच पक्षाच्या प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली होती. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अंमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगातलं कैद्यांचं बंड रॉकफेलर यांनी गोळीबाराने मोडलं. त्या प्रकरणात एकूण ४३ माणसं गेली. ‘मवाळ’ हा शिक्का पुसायचा त्यांचा खटाटोप उघड दिसत होता. त्यांचे भाषणलेखक जोसेफ पर्सिको यांनी आणखी एक धागा नोंदवला आहे. रॉकफेलर यांचे एक परिचित जपानमधलं व्यसनाचं अल्प प्रमाण पाहून आले होते आणि तिथे विक्रेत्यांना जन्मठेप होते असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट गव्हर्नरांच्या डोक्यात बसली.

तरीही सगळं खापर महत्त्वाकांक्षेवर फोडणं मला पटत नाही. हार्लेम या न्यूयॉर्क शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत त्या वेळी हेरॉइनने घरंच्या घरं पोखरली होती. रेव्हरंड ओबेरिया डेम्प्सी यांच्यासारखे तिथले कृष्णवर्णीय पाद्री वर्षानुवर्षं कठोर कारवाई मागत होते आणि त्यांनी या प्रस्तावाला पाठिंबा दिला. विरोधात होते ते अनेक न्यायाधीश, सरकारी वकील, नागरी हक्कांसाठी लढणारे आणि न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे. खटल्यांचा डोंगर साचेल, हे त्यांना दिसत होतं.

८ मे १९७३ रोजी सही झाली आणि १ सप्टेंबरपासून कायदा लागू झाला. मूळ मागणीची धार विधिमंडळाने थोडी बोथट केली होती. त्यातही जे उरलं ते असं: एक औंस हेरॉइन किंवा कोकेन विकलं, अथवा दोन औंस जवळ सापडलं, तर किमान १५ वर्षं ते जन्मठेप. हत्येच्याच पंक्तीतला गुन्हा. एक औंस म्हणजे जेमतेम अडीच तोळे. त्यातही शुद्ध मालाचं नव्हे, भेसळीसकट अख्ख्या पुडीचं वजन धरायचं. (हा वाद आपल्याकडेही झाला. १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यात २००१ पासून शिक्षा प्रमाणावर ठरते. शुद्ध अंश मोजायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं, आणि २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने भेसळीसकट वजन धरायचं ठरवलं.)

इथेच कायद्याची खरी मेख होती. आरोपी धंद्याचा मालक आहे की शंभर-दोनशे डॉलरसाठी पाकीट पोचवणारा हमाल, हे न्यायाधीशाने पाहायचंच नव्हतं. मालकाच्या खिशात माल नसतो. तो सापडतो हमालाच्या खिशात. शिवाय वर बसलेल्याकडे द्यायला नावं असतात, म्हणून सरकारी वकिलांशी सौदा त्याचा होतो.

परिणाम तपासले गेले ते लगेच. न्यूयॉर्क शहराच्या वकील संघटनेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास १९७७ च्या सुमारास पुरा झाला. ४९ जादा न्यायाधीश देऊनही खटले तुंबले होते, कारण कबुली देऊन सुटका नसल्यावर जो तो खटला लढवू लागला. १९७६ च्या मध्यापर्यंत हेरॉइनचा वापर १९७३ इतकाच होता. तोवर रॉकफेलर ऑल्बनीत नव्हते. डिसेंबर १९७३ मध्ये राजीनामा देऊन पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि जानेवारी १९७९ मध्ये वारले.

डागडुजी झाली. १९७७ मध्ये थोडा गांजा बाळगणं दंडावर आलं, २५ ग्रॅमपर्यंत १०० डॉलर. १९७९ मध्ये वजनाची मर्यादा दुप्पट झाली. पण नमुना बाहेर गेला होता. मिशिगनने १९७८ मध्ये ६५० ग्रॅमला पॅरोलशिवाय जन्मठेप लावली. तिथले गव्हर्नर विल्यम मिलिकन यांनी पुढे त्या सहीला आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक म्हटलं. १९८६ चा संघराज्याचा कायदाही वजनावरच उभा होता.

न्यूयॉर्कचे तुरुंग भरले ते ऐंशीच्या दशकात, क्रॅक हे ओढायचं स्वस्त कोकेन आल्यावर. १९७३ मध्ये राज्याच्या तुरुंगांत साडेबारा हजारांच्या आसपास कैदी होते, १९९९ पर्यंत ते सत्तर हजारांवर गेले. अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांत आत असलेल्यांपैकी दहातले नऊ कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते. इतके तुरुंग बांधायला पैसा हवा होता आणि १९८१ मध्ये मतदारांनी त्यासाठीचे कर्जरोखे फेटाळले. मग गव्हर्नर मारिओ क्युओमो यांच्या सरकारने तो पैसा एका नागरी विकास महामंडळामार्फत उभा केला. हे महामंडळ रॉकफेलर यांनीच १९६८ मध्ये गरिबांना घरं बांधून देण्यासाठी काढलं होतं!

जनमत फिरवलं ते आकड्यांपेक्षा माणसांनी. ब्राँक्समधल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने पाचशे डॉलरसाठी साडेचार औंस कोकेनचं पाकीट पोचवलं, ते पोलिसांनी लावलेल्या सापळ्यात. शिक्षा १५ वर्षं ते जन्मठेप. सिंग सिंग तुरुंगात तो चित्रं काढायला शिकला. त्याचं स्वतःचं चित्र मॅनहॅटनच्या व्हिटनी संग्रहालयात लागलं, वर्तमानपत्रांत गाजलं, आणि गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्याची शिक्षा माफ केली. ज्यांना चित्र काढता येत नव्हतं, ते आतच होते. याच सुमारास जॉन डन हे जुने रिपब्लिकन सिनेटर, मूळ विधेयकाच्या पुरस्कर्त्यांपैकी एक, ते रद्द करण्याच्या मोहिमेत उतरले.

पटाकी यांनी २००४ मध्ये सर्वांत कडक शिक्षा ८ ते २० वर्षांवर आणली. उरलेलं काम २००९ मध्ये डेव्हिड पॅटरसन यांच्या सहीने झालं. राज्याचे ते पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. सिनेटर असताना २००२ मध्ये याच कायद्यांविरुद्धच्या निदर्शनात त्यांनी अटक करवून घेतली होती. बहुतेक गुन्ह्यांतली सक्तीची किमान शिक्षा गेली, तुरुंग की उपचार हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे परत आला, आणि आत असलेल्या अनेकांना फेरविचाराचा अर्ज करता आला. १५ वर्षं ते जन्मठेप पूर्ण पुसली गेली नाही. बड्या तस्करांसाठी ती नव्या कलमात ठेवली, पण त्यात औंस नाहीत. आरोपीची धंद्यातली भूमिका आणि ७५ हजार डॉलरची विक्री सिद्ध करावी लागते.