ठाणे ते नारकोंडम : एका धनेशामागचा माग

येऊरच्या उंबरांवर राखी धनेश बघून पक्ष्यांच्या नादी लागलेली ठाण्यातली कॉलेजची मुलं कधी ना कधी नारकोंडमचं नाव काढतातच. धनेशाची एक अख्खी जात जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या एका बेटावर राहते आणि जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही, हे कळल्यावर तिथं जायचा हट्ट धरणं साहजिकच. पण वर्गणी गोळा करण्याआधी तिथं आजवर कोण कशासाठी गेलं, ते बघायला हवं.

अंदमानच्या पूर्वेला, सागरपातळीपासून सुमारे ७१० मीटर उंच उठलेला हा ज्वालामुखी. १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम तिथं पोचला. १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागे होता, तोच हा ह्यूम. नारकोंडमच्या धनेशाची शास्त्रात पहिली नोंद त्याची. त्या काळी पक्षी अभ्यासायचा म्हणजे आधी बंदुकीनं पाडायचा.

बंदूक बाजूला ठेवून दुर्बीण घेतलेला माणूस यायला जवळपास शंभर वर्षं गेली. १९७२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. ए. हुसेन बेटावर राहिले आणि धनेशांची घरटी, खाणं, विणीचं वागणं टिपत बसले. त्यावरचा त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात आला तो १९८४ मध्ये. सहलीहून आल्यावर आठवड्यात अहवाल हवा म्हणणाऱ्या मास्तरांनी हे मनावर घेऊ नये!

बेटावर पोलीस चौकी आली, आणि पुढं चौकीतल्या माणसांसाठी बकऱ्याही आल्या. बकऱ्या कोवळी रोपं खातात. आज रोप गेलं की उद्याचं फळझाड गेलं, आणि धनेश तर फळांवर जगणारा. १९७७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तरी बकऱ्या पुढं बरीच वर्षं वनविभागाच्या डोक्याला ताप होत्या. २०१२ मध्ये बेटावर तटरक्षक दलाचं रडार उभारायचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयानं फेटाळला आणि २०१४ मध्ये सरकार बदलल्यावर त्याला हिरवा कंदील मिळाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीच्या मोजण्यांत तीनेकशे ते साडेचारशे पक्षी भरले होते. २०१९-२० च्या हंगामात रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात हजाराच्या घरात अंदाज निघाला. बेटावरच्या जंगलाच्या बिया पसरवण्यात या पक्ष्याचा वाटा किती मोठा आहे, हेही त्यातून दिसलं.

आपल्या मुलांच्या बेतात खरी अडचण वेळापत्रकाची आहे. समुद्र शांत असतो तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, आणि धनेशाची वीणही तेव्हाच. मादी ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते, आणि त्या फटीतून नर फळं भरवतो. ढोलीखाली पंधरा जणांचा गलका उभा राहिला, तर तो चोचीत फळं घेऊन समोरच्या झाडावरच बसून राहील.