भत्ता हवा तर हजेरी लावा: एका जुन्या अटीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये नोकरी गेलेल्या माणसाला दोन दारं ठोठवावी लागतात. एक राज्य कामगार विमा महामंडळाचं, कारण पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली गेलेली असते आणि त्यातून काही दिवसांचा बेकारी भत्ता मिळू शकतो. दुसरं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचं, जिथून प्रशिक्षणाला जाता येतं आणि विद्यावेतन मिळतं. पहिल्या दारात विचारतात, वर्गणी किती दिवस भरली. दुसऱ्या दारात विचारतात, हजर किती दिवस राहणार.

‘सरकारने पैसे द्यायचेच तर प्रशिक्षण सक्तीचं करा, फुकट कशाला?’ हे वाक्य आता सभेतही ऐकू येतं आणि सोसायटीच्या ग्रुपवरही. शिकला तर माणसाचंच भलं होईल, त्यामुळे ते चटकन पटतं. पण ही अट नवी नाही. बेकारीच्या दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आपल्या कायद्यात आला, त्याच्या कितीतरी आधीपासून ती इथे आहे. आणि ती कोणाला काही शिकवण्यासाठी आलेली नव्हती. समोरचा माणूस खरोखर अडलेला आहे की उगाच हात पसरतोय, हे तपासायला ती आली होती. तो मूळ हेतू अजून तिच्या अंगातून गेलेला नाही, असं माझं मत आहे.

सुरुवात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळापासून करावी लागते. दख्खनमध्ये लोक अन्नावाचून मरत असताना हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याला पाहणीला पाठवलं. सरकारी तिजोरीवर भार पडू नये, ही त्यांची मुख्य काळजी होती. धडधाकट माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली. घराजवळ काम द्यायचं नाही, दहा मैल दूर जायला जो तयार होईल तोच खरा गरजू, अशी अंतराची कसोटी लावली गेली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याविरुद्ध कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्ज केले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने मदतीचे नियम लिहून काढले, मजुरीचे दर थोडे माणुसकीचे झाले, पण गाभा तोच राहिला. मदत हवी तर कष्टाची परीक्षा द्यायची. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यात १९७२ च्या दुष्काळात रस्त्याकडेला खडी फोडत बसलेली माणसं आजही घराघरांत आठवणीत आहेत. त्या खडीचा रस्ता होतो की नाही, हा प्रश्न नंतरचा होता. मुकादमाच्या हजेरीपटावर नाव लागणं आधीचं.

शहरातल्या बेकारीची व्यवस्था मात्र युद्धामुळे उभी राहिली. दुसरं महायुद्ध संपताना सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना काही शिकवून कामाला लावायचं होतं. त्यासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय निघालं आणि त्याखाली रोजगार विनिमय केंद्रं सुरू झाली. म्हणजे आपल्या रोजगार कार्यालयाचा जन्मच नोकरी शोधणं आणि प्रशिक्षण यांच्या जोडणीतून झाला. कार्ड काढायचं, ठरावीक मुदतीने त्याचं नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट बघायची, हे दोन-तीन पिढ्यांनी केलं. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिक्त जागा कळवण्याची सक्ती झाली, पण त्या केंद्रातून आलेल्या माणसालाच घ्या, अशी सक्ती कधीच नव्हती. कार्डधारकाला भत्ताही नव्हता. नोंदणी हे निव्वळ आशेचं काम होतं.

१९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात झालेली दुरुस्ती या सगळ्या कथेतला सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. कारखान्याने तात्पुरतं काम बंद केलं, म्हणजे ‘ले-ऑफ’ दिला, तर कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळेल, असं त्या दुरुस्तीने ठरवलं. स्वतंत्र भारतात बेकार दिवसाचे पैसे कायद्याने मिळण्याची ही मोठी पायरी. पण त्याच प्रकरणात कलम २५-ई होतं. त्यानुसार कामगार कामाच्या नेहमीच्या वेळेत दिवसातून निदान एकदा कारखान्यात हजर झाला नाही, तर भरपाई नाही. त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतल्या दुसऱ्या कारखान्यात त्याच पगाराचं आणि त्याला जमण्यासारखं काम दिलं आणि त्याने ते नाकारलं, तरी भरपाई नाही. काम नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, तरीही माणसाने गेटवर यायचं, सही करायची आणि परत जायचं. या नियमाला एक बाजू नक्की आहे. अचानक काम निघालं तर माणूस हाताशी हवा, आणि मालकाने दिवस लपवू नयेत म्हणून हजेरीपट कामगाराच्याही उपयोगाचा. पण निम्म्या पैशात घर चालवणाऱ्याचा दिवस त्यात अडकतो. ना त्याला दुसरीकडे रोजाने जाता येतं, ना काही शिकता येतं. सक्तीच्या प्रशिक्षणाबद्दल आजची मुलं जी तक्रार करतात, ती शब्दशः हीच आहे.

महाराष्ट्राने यापुढे एक धाडसी पाऊल टाकलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यव्यापी गरज बनवली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागूनही मिळालं नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता, ही तरतूद त्यात होती. रक्कम किरकोळ होती, तत्त्व मोठं होतं: काम देणं ही सरकारची जबाबदारी आणि ते न दिल्याचा दंड सरकारला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या यंत्रचालकाच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या रकमेची मुळं सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी तालुक्यांतल्या मजुराच्या हक्कात आहेत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने भत्त्याचं गणित मजुरीशी जोडलं: पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर पहिले ३० दिवस किमान पाव मजुरी, त्यानंतर किमान निम्मी. कामही गावापासून पाच किलोमीटरच्या आत, नाहीतर दहा टक्के जादा. टेंपलसाहेबांचे दहा मैल इथवर यायला सव्वाशे वर्षं लागली. पण कामाची मागणी लेखी केली आणि तारखेची पोच हातात असली, तरच या कायद्याखाली भत्त्याचा दावा उभा राही. ती पोच देताना ग्रामपंचायतींत किती टाळाटाळ होई, ते नाशिकच्या पेठ नाक्यावर सकाळी कामाच्या शोधात उभ्या राहणाऱ्या माणसांना विचारावं. आणि २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. भत्ता क्वचितच हातात पडला, हजेरी मात्र वरचेवर कडक होत गेली.

परदेशातही हा वाद जुना आहे. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने विमाधारक कामगाराला आठवड्याला सात शिलिंग बेकारी भत्ता दिला, तोही वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे. १९२० च्या दशकात ‘आपण मनापासून काम शोधतोय’ हे सिद्ध करण्याचा बोजा कामगारावर टाकला गेला. त्यापायी असंख्य लोकांचे दावे फेटाळले गेले आणि अखेर १९३० मध्ये ती अट काढावी लागली. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ४४ व्या कराराने भत्ता प्रशिक्षणाच्या हजेरीशी जोडायला उघड परवानगी दिली. अलीकडचा दाखला जर्मनीचा. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला की अटी घालता येतील, पण त्या मोडल्या म्हणून जगण्यापुरत्या भत्त्यातून ३० टक्क्यांहून अधिक कापता येणार नाही. माणसाने अट मोडली तरी तो जगलाच पाहिजे, हा विचार आपल्या चर्चेत अजून आलेलाच नाही.

आपल्याकडे गिरण्या बंद पडू लागल्यावर १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी आला. कायमच्या बंद झालेल्या गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. उतरत्या भांजणीमागचा विचार असा, की तेवढ्या काळात माणूस दुसरं काही शिकेल, दुसरीकडे लागेल. चाळिशी-पन्नाशीतल्या गिरणी कामगाराने नेमकं कुठे आणि काय शिकायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

नाशिकच्या कामगाराला लागू पडणारी पहिली खरी योजना १ एप्रिल २००५ ची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद झाला, कामगार कपातीत नोकरी गेली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ईएसआयमधून भत्ता. त्याला जोडून प्रगत प्रशिक्षण संस्थांत कौशल्य वाढवण्याची सोय, आणि तिचं शुल्क व जाण्यायेण्याचा खर्च महामंडळाकडून. बेकारी भत्ता आणि शिक्षण यांची सगळ्यांत समजूतदार सांगड मला इथेच दिसते, कारण प्रशिक्षण घेतलं नाही म्हणून भत्ता तुटत नव्हता. पण केंद्र सरकारची अशी जवळची संस्था मुंबईत, शीवला. नाशिकच्या सातपूर वसाहतीतला माणूस घर सोडून तिथे किती दिवस राहणार? शिवाय ठेक्यावरच्या कामगाराला रीतसर कपातीचं पत्र कोण देतो? त्याला ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे पत्राशिवाय घरी बसवलं जातं, आणि ब्रेक कुठल्याच अर्जात बसत नाही.

१ जुलै २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेने ती फट काहीशी बुजवली. सुरुवातीला सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळत. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले आणि तीन महिन्यांऐवजी ३० दिवसांनंतर दावा करता येऊ लागला. अर्ज मालकामार्फत न पाठवता थेट शाखा कार्यालयात द्यायची मुभा मिळाली, ही माझ्या मते रकमेहून मोठी सुधारणा. मात्र लाभ जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि आयुष्यात एकदाच. रोज ५०० रुपये पडत असतील तर दिवसाला २५०, सगळे मिळून २२,५००. यात प्रशिक्षणाचा उल्लेखच नाही.

मधल्या काळात इतर राज्यांनी उलटी वाट धरली. मध्य प्रदेशात २०१९ मध्ये शहरी तरुणांना १०० दिवस मानधन देताना रोज चार तास काम आणि चार तास प्रशिक्षण अशी विभागणी केली गेली. राजस्थानने जानेवारी २०२२ पासून बेरोजगारी भत्त्यासाठी सरकारी कार्यालयात रोज चार तासांची इंटर्नशिप सक्तीची केली.

महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सहा महिने प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. नंतर मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढली. महिन्यात दहा किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहिलं तर त्या महिन्याचं विद्यावेतन नाही. बरीच मुलं जिल्हा परिषदेच्या शाळांत, ग्रामपंचायतींत, सरकारी कार्यालयांत लागली. आवक-जावक नोंदी, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज भरणं, वर्गावर शिक्षक नसेल तर वर्ग सांभाळणं, हे त्यांचं काम. काहींना त्यातून खरोखर आत्मविश्वास आला, ते नाकारण्याचं कारण नाही. पण आठ तासांचं काम करून मुदत संपली की हातात प्रमाणपत्र. नोकरीत कायम करा म्हणून राज्यभर आंदोलनं झाली ती याचमुळे.

मुलं यातून वाट काढतात. दिवसभर कार्यालयात बसून संध्याकाळी सातनंतर गंगापूर रोड-कॉलेज रोडला जेवणाची पार्सलं पोचवतात. द्राक्षाची छाटणी आली की घरच्या किंवा शेजारच्या बागेत हात लागतोच, मग गैरहजेरीचे दिवस मोजून वापरावे लागतात. विद्यावेतन लांबलं की एसटीच्या भाड्यालाही उसने. अशांना मी आवर्जून सांगतो: रुजू झाल्याचं पत्र, दर महिन्याच्या हजेरीपत्रकाची सहीशिक्क्याची प्रत आणि जमा-नोंद दाखवणारं पासबुक एकत्र ठेवा, रजा असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ईएसआयच्या दाव्यासाठी वर्गणीचे दिवस ऑनलाइन वेळेवर तपासा. मालकाने वर्गणीच भरली नसेल, तर ते नोकरी गेल्यावर कळून काही उपयोग नसतो.

औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाचे १५ दिवसांचे पैसे भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. यात हजेरीची अट नाही, आणि प्रशिक्षण कुठे मिळणार तेही लिहिलेलं नाही. रोज ५०० असलेल्याला ७,५०० रुपये येतील आणि किराणा व भाड्यात जातील. त्र्यंबक रोडवरच्या सरकारी आयटीआयमध्ये यंत्रं आहेत, शिकवणारे आहेत. तिथे कपात झालेल्यांसाठी संध्याकाळच्या बॅचेस, येण्याजाण्याचं भाडं आणि कोर्स निवडायची मोकळीक, एवढी मागणी नाशिकच्या कामगार संघटनांनी नियम ताजे आहेत तोवरच लावून धरावी.